व्यसनाचे शिक्षण : भय की विवेक?

(माध्यमिक शिक्षकांच्या शिबिरात केलेले भाषण, काहीसे संक्षिप्त करून.)



दरवर्षी २६ जून आला की आपल्या शाळांत एक ठरावीक कार्यक्रम पार पडतो. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, एखादे पोलीस अधिकारी तासभर बोलतात, मुले हात पुढे करून शपथ घेतात आणि आभारप्रदर्शनानंतर हा विषय पुढच्या जूनपर्यंत कपाटात जाऊन बसतो. अमली पदार्थांचा गैरवापर आणि चोरटा व्यापार यांविरुद्ध हा दिवस पाळावा असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ साली ठरविले. त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि शाळेत हा कार्यक्रम राबविणाऱ्या शिक्षकांचाही हेतू चांगलाच असतो. परंतु आपण शिक्षक आहोत. वर्षातून एक तास गणित शिकवून मुलांना गणित येईल असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग जो विषय मुलाच्या जिवाशी निगडित आहे, तो मात्र एका तासात आणि एका शपथेत आटोपतो, ही समजूत आपण कोठून पैदा केली?

प्रश्न किती मोठा आहे हे आधी नीट पाहू. ह्याबाबतीत अतिशयोक्तीही नको आणि डोळेझाकही नको. एका स्वयंसेवी संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सरकारला बजावले की, मुलांमधील व्यसनांची देशव्यापी पाहणी करा, राष्ट्रीय योजना तयार करा आणि शालेय अभ्यासक्रमात ह्या विषयाला स्थान द्या. पुढे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. दारू, गांजा, अफू ह्या वर्गांत प्रौढांचे प्रमाण मुलांहून अधिक आहे. नाकाने हुंगावयाची रासायनिक द्रव्ये हा एकच वर्ग असा आहे की ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्या माणसांहून अधिक आढळले : प्रौढांत शेकडा ०.५८, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत शेकडा १.१७. ह्या एका व्यसनापायी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार असावीत, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

ही द्रव्ये म्हणजे काय? पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, चामड्याचा डिंक, रंगाचा थिनर, खाडाखोड करण्याचे व्हाइटनर. ह्यांतील कोणतीही वस्तू अमली पदार्थांच्या कायद्याखाली येत नाही. ती वाण्याकडे मिळते, सायकलच्या दुकानात मिळते आणि क्वचित मुलाच्या दप्तरातही असते. रेल्वे फलाटावरचा पोरगा ती हुंगतो, कारण काही वेळ तरी भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, मार आठवत नाही. आपण ज्या वेळी वर्गात कोकेन आणि हेरॉइन यांचे फलक लावीत असतो, त्या वेळी खरा धोका चार रुपयांच्या चिंधीत असतो आणि तो मुलगा बहुधा आपल्या हजेरीपटावरून आधीच गळालेला असतो.

दुसरीकडे महाराष्ट्रापुढे एक नवे संकट उभे आहे. १९८०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत ‘गर्द’ आले. १९८२च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंडावत असताना, रिकाम्या हातांच्या तरुणांच्या ओठी ती पन्नीवरची वाफ आली. त्या काळाचे चित्र अनिल अवचट यांनी आपल्या लेखनातून महाराष्ट्रापुढे ठेवले आणि १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. आज गर्द संपलेले नाही. पण त्याच्या जोडीला कारखान्यात तयार होणारे मेफेड्रोन आले आहे. मुले त्याला ‘एमडी’ म्हणतात. २०१५ साली ते कायद्याच्या कक्षेत आणले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आणि अन्यत्र छापे घालून दीड हजार किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडले. अफूसाठी शेत लागते, ऋतू लागतो. ह्याला फक्त रसायनाची माहिती, एक शेड आणि नफ्याची हाव पुरते. मालेगाव आणि मराठवाड्याच्या शहरांत झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्या ‘कुत्तागोळी’, ‘बटन’ अशा नावांनी विकल्या जातात. औषधाच्या दुकानातून निघालेली गोळी अशा रीतीने गल्लीच्या कोपऱ्यावर येते.

मग मुलांना शिकवावयाचे कसे? सर्वांत सोपा मार्ग भीतीचा. कवटी आणि हाडांची चित्रे लावा, ‘एकदा घेतलेस की मेलास’ असे सांगा. हा मार्ग जगाने आजमावून पाहिला आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेषातले पोलीस वर्गात येऊन धोके सांगत आणि ‘नाही म्हणा’ असे शिकवीत. हा कार्यक्रम देशभर पसरला, त्यावर अफाट खर्च झाला. १९९० नंतर संशोधकांनी ही शिकवण घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा अमली पदार्थांच्या सेवनात दोहोंत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. २००३ साली त्यांच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही हेच नमूद केले. १९९८ पासून त्याच देशात शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्चून जाहिरातींची मोहीम चालली. तिचेही मूल्यमापन निराशाजनक निघाले. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधाची जी मानके प्रसिद्ध केली आहेत, त्यांत एकतर्फी व्याख्याने, भीती दाखविणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला व्यासपीठावर आणून तिची कहाणी ऐकविणे, ह्या तिन्ही रीती निरुपयोगी वा प्रसंगी अपायकारक ठरविल्या आहेत.

असे का व्हावे? कारण उघड आहे. आपण वर्गात म्हणतो, गांजाचा एक झुरका आयुष्याचे वाटोळे करतो. वर्गातल्या एखाद्या मुलाला आपल्या आळीतला असा तरुण ठाऊक असतो, जो गांजा ओढतो आणि तरीही रोज कामावर जातो. मुलगा मनाशी निष्कर्ष काढतो : गुरुजी खोटे बोलतात. त्यानंतर हेरॉइनविषयी आपण जे अक्षरशः खरे सांगणार असतो, तेही त्याच्या कानावरून निघून जाते. शिक्षकाजवळ विश्वासाखेरीज भांडवल नाही, आणि एका अतिशयोक्तीने ते बुडते. व्यसनमुक्त झालेल्या तरुणाच्या कहाणीचेही तसेच. मुले त्यातून ‘घेऊ नये’ एवढेच ऐकत नाहीत. ‘घेऊनही सुटता येते, वर टाळ्या मिळतात’ हेही ऐकतात.

म्हणून माझी पहिली सूचना ही की, मुलांना खरे सांगावे आणि पूर्ण सांगावे. कोणता पदार्थ कोठे मिळतो आणि कसा घेतात, हे सांगण्याचे कारण नाही. तो शरीरात गेल्यावर काय करतो, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

थिनर किंवा डिंक हुंगल्यावर त्याची वाफ फुफ्फुसांतून थेट रक्तात व मेंदूत जाते. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय एकाएकी बिघडू शकते आणि पहिल्याच खेपेस, धडधाकट मुलाचाही मृत्यू ओढवू शकतो. हे भयचित्र नाही, वैद्यकातील सिद्ध गोष्ट आहे. हेरॉइन किंवा गर्द श्वासाच्या केंद्राला मंद करते. मात्रा वाढली तर माणूस झोपेतच श्वास घेणे थांबवितो. काही महिने सोडून पुन्हा घेणाऱ्याला धोका सर्वांत अधिक, कारण शरीराची सवय गेलेली असते आणि मात्रा मात्र जुनीच घेतली जाते. सुई वाटून घेतली तर एचआयव्ही आणि यकृतदाहाचे विषाणू पसरतात. मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा घेतले जाते. हृदयाची धडधड वाढते, अंग तापते, रात्र रात्र झोप येत नाही, मन संशयाने पोखरते. गांजाने कोणी तत्काळ मरत नाही हे खरे आहे आणि ते तसेच सांगावे. पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याची स्मृती आणि एकाग्रता ढासळते, आणि ज्याच्या घराण्यात मनोविकार आहे त्याला भ्रमिष्टपणाचा धोका वाढतो, हेही सांगावे. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र घेणे म्हणजे श्वासाशी जुगार, हे सांगावे.

आणि ह्याच वयात धोका अधिक का, हेही मुलांना कळू द्यावे. सुखाची ओढ निर्माण करणारे मेंदूतील केंद्र किशोरवयात जोरात असते. विचारपूर्वक आवर घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. बैल तरणे आणि कासरा अजून कच्चा, अशी ही अवस्था. ह्यात मुलाचा दोष नाही, हे वयच तसे आहे. गांजा घेणाऱ्या मोठ्यांपैकी सुमारे दहांत एक जण त्याच्या आहारी जातो. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एकाच्या घरात जाते. मुलाला बुद्धी आहे असे समजून ही गोष्ट सांगितली, तर तो ती समजून घेतो.

दुसरी सूचना. माहिती आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. तंबाखू घातक आहे हे न जाणणारा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. आणि २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी असूनही त्याच्या रिकाम्या पुड्या शाळेच्या कुंपणाशी सापडतातच. मूल प्रथम व्यसनाकडे जाते ते बहुधा मित्राच्या हातून. ‘घे रे, भितोस काय?’ हे चार शब्द त्याला पेलत नाहीत. तेव्हा मैत्री न तोडता नाही कसे म्हणावे, अपमान कसा सोसावा, राग आणि एकटेपण यांचे काय करावे, ह्याचा सराव वर्गात झाला पाहिजे : प्रसंग उभे करून, गटात चर्चा करून, मुलांनाच बोलते करून. वर उल्लेखिलेल्या मानकांतही प्रशिक्षित शिक्षकाने घेतलेल्या, मुलांच्या सहभागाच्या, साधारण दहा ते पंधरा तासिकांची मालिका परिणामकारक मानली आहे. आणखी एक गोष्ट मुलांना आकड्यांनिशी दाखवावी. ‘सगळेच घेतात’ हा मुलांचा ठाम समज असतो. राष्ट्रीय पाहणीप्रमाणे आपल्या देशातील दहा ते सतरा वर्षांच्या शंभर मुलांत गांजा घेणारा एकही पुरता भरत नाही. न घेणारा मुलगा एकटा पडलेला नसून तोच बहुसंख्यांपैकी आहे, हे कळल्याने त्याचा कणा ताठ होतो.

अर्थात पाचवीच्या आणि बारावीच्या मुलाला एकच पाठ देऊन चालणार नाही. पाचवी ते सातवीत तंबाखू, हुंगण्याची द्रव्ये आणि ‘औषध कोणाच्या सांगण्यावरून घ्यावे’ एवढे पुरे. आठवी ते दहावीत मित्रांचे दडपण, गोळ्या, दारू, गांजा आणि कायदा. पुढे मेफेड्रोन, गर्द, आणि संकटकाळी काय करावे हे शिकवावे. मित्र बेशुद्ध पडला तर बाकीची मुले पोलिसांच्या भीतीने पळून जातात, आणि तो तेथेच मरतो. त्याला कुशीवर वळवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा आणि त्याला एकटे सोडू नका : एवढी चार वाक्ये मुलांना पाठ असली, तर कोणाचे तरी मूल वाचेल.

आता मी सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. समजा, तुमच्या वर्गातील मुलाच्या दप्तरात पुडी सापडली. काय कराल? बहुतेक शाळांचे उत्तर तयार असते : पालकांना बोलवा, दाखला हातात द्या, शाळेची अब्रू वाचवा. शाळेची अब्रू वाचते. मुलाचे काय होते? शाळा हा त्याचा जगाशी असलेला शेवटचा सरळ धागा असतो. तो तुटला की त्याच्या दिवसाचे सारे तास गल्लीच्या कोपऱ्यावरील त्या माणसाच्या मालकीचे होतात. ज्या विक्रेत्याला त्या मुलाला शाळेतून काढावयाचे होते, त्याचे काम आपण स्वतःच्या सहीशिक्क्याने करून देतो.

कायदासुद्धा आपल्याइतका निष्ठुर नाही. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. अठरा वर्षांखालील मुलाचा विचार बाल न्याय मंडळाने करावयाचा असतो. २०१५च्या बाल न्याय कायद्याने मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास आणि मुलाकरवी तो विकविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे कायद्याची दिशा स्पष्ट आहे : विकणाऱ्याला शिक्षा, मुलाला आधार. आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीत ही दिशा नेमकी उलटी का व्हावी? ‘गर्दुल्ला’ हा शब्द तरी शिक्षकाच्या तोंडी शोभतो काय? आजारी मुलाला आपण त्याच्या रोगाच्या नावाने हाक मारीत नाही.

कोणी म्हणेल, एका मुलाला ठेवले तर तो दहांना बिघडवील. ही शंका क्षुल्लक नाही. विकणारा मुलगा आणि घेणारा मुलगा यांत फरक करावा लागेल, दोघांवर लक्ष ठेवावे लागेल, पालकांना विश्वासात घ्यावे लागेल, समुपदेशकाकडे न्यावे लागेल. हे कष्टाचे काम आहे. पण काढून टाकलेला मुलगा पृथ्वीवरून नाहीसा होत नाही. तो संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशीच उभा राहतो आणि तेव्हा तो कोणाचाच विद्यार्थी नसतो.

मित्रहो, ह्या प्रश्नाला अर्थकारण आहे, हे विसरून आपण नुसते नीतिपाठ देत बसलो तर ती मुलांची वंचना होईल. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापारावर साम्राज्याचा खजिना भरला आणि ह्या नगरीतील कित्येक पेढ्या गबर झाल्या. चीनने प्रतिकार केला तेव्हा त्याच्यावर दोन युद्धे लादली गेली. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला, तेव्हाही दुसऱ्या पारड्यात सरकारचा महसूल होता. नशेचा धंदा हा जगाच्या पाठीवर नेहमी वरच्या नफ्यावर आणि खालच्या दुःखावर चालत आला आहे. पकडला जातो तो पुड्या वाहणारा पोरगा. रसायन पुरविणारा, शेड भाड्याने देणारा आणि पैसा पांढरा करणारा क्वचितच गजाआड दिसतो. हे मुलांना सांगा. ‘तू वाईट आहेस’ ह्यापेक्षा ‘तुझ्या आयुष्यावर कोणीतरी नफा कमावीत आहे’ हे वाक्य किशोरवयाच्या स्वाभिमानाला अधिक लवकर भिडते.

आणि मुलांपुढे पर्याय ठेवा. आइसलँड ह्या लहानशा देशात १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ जण मागील महिन्यात दारू पिऊन झिंगलेले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण शेकडा ५ वर आले. रोज सिगारेट ओढणारे शेकडा २३ वरून ३ वर आले. तेथे त्यांनी मुलांना केवळ उपदेश केला नाही. खेळ, संगीत, कला यांच्या सोयी उभारल्या, त्यांचे शुल्क भरण्यास कुटुंबांना मदत केली, पालकांची संघटना बांधली, मुलांच्या दरसाल पाहण्या केल्या. तो देश श्रीमंत आणि चिमुकला आहे, त्याची नक्कल आपल्याला करता येणार नाही. परंतु आपल्याकडे काय चालले आहे ते पाहा. शाळेची मैदाने आक्रसली, वस्तीतल्या व्यायामशाळा आणि वाचनालये ओस पडली, चित्रकलेचे आणि खेळाचे शिक्षक नेमले जात नाहीत. मुलाची संध्याकाळ आपण मोकळी ठेवली आणि मग ती कोणी भरली म्हणून आश्चर्य करतो!

तेव्हा शासनाकडे आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू केले; १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, मानसिक त्रासासाठी १४४१६ आहे. हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावेत. पण क्रमांकाच्या पलीकडे काय? राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलाही उपचार मिळतो. बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसांत एकाला आजवर रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. तेव्हा प्रत्येक मोठ्या शाळेस, वा लहान शाळांच्या गटास, पूर्णवेळ समुपदेशक हवा. जिल्हा रुग्णालयात किशोरांसाठी, मोठ्या माणसांपासून वेगळी, उपचाराची सोय हवी. शिक्षकांना प्रशिक्षण हवे आणि त्यासाठी अन्य कामांच्या ओझ्यातून सवड हवी. शाळाबाह्य मुलांसाठी फलाटावर आणि झोपडपट्टीत जाणारे कार्यकर्ते हवेत. अन्यथा ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांच्यापर्यंत आपला एकही पाठ पोहोचणार नाही.

आणि एक मागणी आपली आपल्याकडेच. मधल्या सुटीत तंबाखू मळणाऱ्या हाताने फळ्यावर ‘व्यसनमुक्ती’ लिहिता येते, पण मुले अक्षर वाचीत नाहीत, हात वाचतात.

शपथा घ्यावयाच्या असतील तर मुलांऐवजी आपण घेऊ या. ह्या विषयावर वर्गात खोटे बोलणार नाही. वर्षभर तासिका घेईन. आणि माझ्या वर्गातला मुलगा ह्या गर्तेत सापडला, तर त्याचे नाव पटावरून कमी करण्याआधी त्याच्या घरी जाईन. येत्या २६ जूनला प्रभातफेरी निघो वा न निघो, एवढे घडले तरी ह्या शिबिराचे सार्थक होईल.